डोळ्यातला नाइट लाइट: क्लोद मोनेची नजर कमी होत गेली तेव्हा

एक छोटा प्रयोग करू. हा लेख फोनवर वाचत असाल तर सेटिंग्जमध्ये जाऊन ‘नाइट लाइट’ चालू करा (काही फोनवर त्याचं नाव ‘आय कम्फर्ट’ असतं) आणि तीव्रता पूर्ण वाढवा. पांढरी स्क्रीन एकदम चहाच्या रंगाची होईल. आता तसंच वाचत राहा. पाच-दहा मिनिटांनी ती स्क्रीन तुम्हाला परत पांढरीच वाटायला लागेल. स्क्रीन तशीच आहे, फक्त तुमच्या मेंदूने पांढऱ्याचा हिशोब बदललाय. फोनचा कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्समध्ये जे करतो, साधारण तेच.

आता समजा, हे बटण कोणीतरी तुमच्या नकळत चालू केलंय. दर वर्षी तीव्रता थोडी थोडी वाढतेय, आणि सोबत स्क्रीनवर एक दुधट काचही चढतेय. वर तुमचं सगळं काम रंगांवर चालतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याची शेवटची पंधरा-वीस वर्षं अशी गेली.

मोनेची चित्रं तुम्ही नक्की पाहिली आहेत, नाव माहीत नसलं तरी. तळ्यातली कमळं, त्यावरचा हिरवा पूल, निळी-जांभळी सावली. निम्म्या लॅपटॉपच्या वॉलपेपरवर असतात. त्यातली काही चित्रं मात्र अशी लालभडक आणि तपकिरी आहेत, की हा तोच माणूस का, असा प्रश्न पडतो. मला पडला होता, आणि उत्तर शोधताना मी नेत्रविज्ञानात जाऊन पोचलो.

आधी थोडं त्याच्याबद्दल

मोनेचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० चा, पॅरिसमधला. वाढला ल आव्र नावाच्या बंदराच्या गावात. शाळकरी वयातच तो गावातल्या लोकांची व्यंगचित्रं काढून विकायचा. पुढे १८७४ साली त्याने आणि त्याच्या मित्रांनी सरकारमान्य प्रदर्शनाचा नाद सोडून स्वतःचं प्रदर्शन भरवलं. त्यात त्याचं ल आव्रच्या सकाळचं एक धूसर चित्र होतं. त्या चित्राच्या नावावरून एका समीक्षकाने सगळ्या गटाची टर उडवली आणि तेच नाव त्यांना चिकटलं: इम्प्रेशनिझम.

गरिबी, कर्ज, पहिल्या बायकोचा मृत्यू हे सगळं सोसून १८८३ मध्ये तो झिव्हर्नी या खेड्यात राहायला गेला. पैसा आल्यावर तिथलं घर विकत घेतलं, शेजारची जमीन घेऊन तळं केलं, कमळं लावली. उरलेलं आयुष्य तिथेच.

त्याच्या कामाची पद्धत कळली की पुढची गोष्ट नीट कळते. गवताच्या गंजी काढायच्या तर तो एकाच वेळी बरेच कॅनव्हास घेऊन शेतात जायचा. सकाळचा उजेड गेला की पहिला कॅनव्हास बाजूला, दुसरा पुढे. ढग आला की तिसरा. दुसऱ्या दिवशी तोच उजेड आला की पुन्हा पहिला. रूआँ शहरातल्या कॅथेड्रलची त्याने १८९२ पासून अशीच तीसच्या आसपास चित्रं केली. एकच दगडी भिंत, प्रत्येक वेळी वेगळा रंग. आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो ते हा माणूस हाताने करत होता, आणि त्याचा सेन्सर म्हणजे त्याचे दोन डोळे. दुसरं उपकरणच नव्हतं.

भिंग पिवळं पडतं म्हणजे काय

डोळ्याच्या आत, बुबुळाच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. ते मुख्यतः पाणी आणि प्रथिनांचं बनलेलं असतं. वय वाढलं की ही प्रथिनं गोळा होऊ लागतात आणि भिंग गढूळ होतं. हाच मोतीबिंदू. त्याच्या एका प्रकारात भिंगाचा मधला भाग आधी पिवळा, मग तपकिरी होत जातो. पिवळी काच निळा आणि जांभळा प्रकाश अडवते, म्हणून ते रंग आधी जातात. शिवाय गढूळ भिंगात प्रकाश विखुरतो. धुळकट काचेतून समोरच्या गाडीचा हेडलाइट पाहिल्यावर जे होतं, तेच भर उन्हात होतं.

ही गोष्ट इतकी हळू होते, की होणाऱ्याला पत्ता लागत नाही. माझ्या आजीचंच उदाहरण सांगतो. पोथी वाचताना ती बल्बचा उजेड कमी झालाय म्हणायची. आम्ही दोनदा बल्ब बदलला. मग एकदा फुलवाती करताना कापूसच पिवळा आणलाय म्हणून काकांवर चिडली. शेवटी ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि घरी येऊन तिने पहिला प्रश्न विचारला, की भिंतींना रंग कधी दिलात? रंग दिलाच नव्हता.

मोनेच्या तक्रारी १९०८ च्या आसपास सुरू झाल्या. त्या वर्षी तो व्हेनिसला गेला होता. १९११ मध्ये त्याची दुसरी बायको आलीस वारली आणि तो काही काळ कामातून उठला. १९१२ मध्ये डॉक्टरांनी निदान केलं: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उपाय होता, ऑपरेशन. मोनेने ते तब्बल अकरा वर्षं टाळलं.

आज आपल्याला हा वेडेपणा वाटेल, पण तेव्हाचं ऑपरेशन डोळ्यांसमोर आणा. जखम मोठी, नंतर कित्येक दिवस उताणं पडून राहायचं, आणि भिंग काढल्यावर त्याच्या जागी काहीच बसवत नसत. त्याची चित्रकार मैत्रीण मेरी कसाट हिची ऑपरेशनं नंतर झाली आणि फसली. मोनेचा हिशोब सरळ होता. आत्ता निदान काहीतरी दिसतंय. ऑपरेशन बिघडलं तर तेही जाईल.

चित्रकाराचा जुगाड

मधल्या वर्षांत त्याने जे केलं, ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वात जवळचं वाटतं.

रंग ओळखू येईनात तेव्हा तो ट्यूबवरच्या लेबलांवर विसंबू लागला. पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा ठरवून टाकली आणि ती कधीच बदलायची नाही असा नियम केला. पांढरा कुठे, पिवळा कुठे, निळा कुठे, हे हाताला पाठ. म्हणजे रंग बघून निवडायचा नाही, जागेवरून निवडायचा. दुपारचं ऊन सहन होईना, म्हणून कामाची वेळ सकाळ-संध्याकाळवर नेली. रुंद काठाची गवती टोपी तर कायमची डोक्यावर. आणि चित्रांचा आकार वाढवला. बारीक तपशील दिसत नाहीत ना, मग कॅनव्हासच दोन मीटर उंच. (मोठ्या चित्रांचा विचार त्याच्या डोक्यात आधीपासून होता हे खरं, पण डोळ्यांनाही ते सोयीचं पडलं असणार.)

आज लो व्हिजन क्लिनिकमध्ये जा. तिथले तज्ज्ञ रुग्णाला हेच शिकवतात. चकाकी कमी करा, टोपी घाला. वस्तूंच्या जागा ठरवा आणि घरच्यांना त्या हलवू देऊ नका. मोठी अक्षरं, ठळक लेबलं, गडद-फिका फरक. मोनेला हे कोणी शिकवलं नव्हतं.

त्याच्या मदतीला एक माणूस मात्र कायम होतं. ब्लांश, आलीसची मुलगी. मोनेच्या थोरल्या मुलाशीच तिचं लग्न झालं होतं, म्हणजे सावत्र मुलगी आणि सून दोन्ही. १९१४ मध्ये तिचा नवरा गेला आणि ती झिव्हर्नीला येऊन राहिली. स्वतः चांगली चित्रकार. म्हाताऱ्याचा संताप, निराशा, रागाने कॅनव्हास फाडणं हे सगळं तिने झेललं. मोनेवरच्या लेखांत तिला दोन ओळींच्या वर जागा मिळत नाही. मीही तेच केलं, हे लक्षात आलंय माझ्या.

वाघाचा मित्र

दुसरा माणूस जॉर्ज क्लेमांसो, पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातला फ्रान्सचा पंतप्रधान. लोक त्याला वाघ म्हणायचे. तो शिक्षणाने डॉक्टर होता आणि मोनेचा जुना मित्र. युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं. दुसऱ्याच दिवशी मोनेने त्याला पत्र लिहून विजयाच्या निमित्ताने दोन मोठी चित्रं देशाला द्यायची इच्छा कळवली. दोनाची संख्या वाढत वाढत दोन अख्ख्या खोल्यांवर गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रीतसर करार झाला. पॅरिसच्या ओरांजरी इमारतीत कमळांची ही चित्रं कायमची लागणार होती.

म्हणजे बघा, वय ८१, आयुष्यातली सर्वात मोठी डिलिव्हरी अंगावर, आणि त्याच वर्षी डोळ्यांनी जवळपास राजीनामा दिला.

सप्टेंबर १९२२ मध्ये तो पॅरिसच्या शार्ल कुतेला या नेत्रतज्ज्ञांकडे गेला. उजव्या डोळ्याला फक्त उजेड कळत होता. डाव्या डोळ्याची नजर ६/६० च्या आसपास. हा आकडा कसा वाचायचा? चांगल्या नजरेच्या माणसाला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येतं, ते याला ६ मीटरवरून वाचावं लागतं.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लो व्हिजन, म्हणजे अल्पदृष्टी, हा वेगळा प्रकार आहे. चष्मा वगैरे सगळं करूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा जास्त नसेल आणि ३/६० पर्यंत असेल तर माणूस त्यात येतो. दृष्टीचा घेर ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत असला तरी येतो. मोनेचा आकडा या पट्ट्यात बसतो. पण एक फरक लक्षात घ्या. मोतीबिंदू काढता येतो, त्यामुळे तेवढ्यावर कोणाला अल्पदृष्टीचं प्रमाणपत्र मिळत नाही, आधी ऑपरेशन करा म्हणतात. मोनेचा समकालीन एद्गार दगा याचा आजार डोळ्याच्या पडद्याचा होता. त्यावर तेव्हा काहीच इलाज नव्हता.

कुतेलांनी आधी बाहुली मोठी करणारे थेंब दिले. भिंगाचा मधला भाग गढूळ असेल तर बाहुली पसरल्यावर कडेच्या स्वच्छ भागातून थोडा जास्त प्रकाश आत जातो. मोने खूश झाला. पण तो आनंद काही आठवडेच टिकला.

तीन शस्त्रक्रिया आणि दोन वेगळे डोळे

जानेवारी १९२३ मध्ये उजव्या डोळ्यावर दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया झाली. नंतर डोळ्यांवर पट्ट्या, उशी नाही, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मोने हा जगातल्या सर्वात वाईट पेशंटपैकी एक असावा. पट्ट्या ओढून काढायला बघायचा. बरं, भिंगाचं मागचं पातळ आवरण जागेवर ठेवलं होतं, तेही पुढे गढूळ झालं. जुलैमध्ये तिसरी शस्त्रक्रिया करावी लागली. (हे आवरण गढूळ होणं आजही घडतं. आता लेझरने काही मिनिटांत काम होतं.)

आणि एवढं सगळं करून जे दिसलं, त्याने तो हादरला.

भिंग काढलेल्या डोळ्याला फोकस करता येत नाही, त्यामुळे जाड भिंगाचा चष्मा आला, साधारण +१० नंबरचा. अशा चष्म्यातून सगळं पाव पटीहून मोठं दिसतं, सरळ रेषा कडेला वाकतात. दुसऱ्या डोळ्यात जुनं भिंग तसंच, तिथे प्रतिमा नेहमीच्या आकाराची. दोन वेगळ्या आकाराच्या प्रतिमा मेंदू जोडू शकत नाही, म्हणून एकाच्या दोन वस्तू दिसतात. उपाय एकच, एका वेळी एकच डोळा वापरायचा, दुसरा झाकायचा.

रंगांचं तर विचारूच नका. वर्षानुवर्षं पिवळा फिल्टर लावून बसलेल्या डोळ्यावरचा फिल्टर एकदम निघाला. उजव्या डोळ्याला सगळं निळं दिसू लागलं. डाव्याला अजून पिवळं-तपकिरी. एकाच माणसाकडे दोन कॅमेरे, दोन व्हाइट बॅलन्स, आणि खरा कोणता हे सांगणारं कोणी नाही. बागेतून दिसणाऱ्या घराची त्याची या काळातली चित्रं आहेत. काही निळी, काही लाल. ती वेगवेगळ्या डोळ्यांनी काढली असावीत असं अभ्यासक मानतात.

आता त्या लालभडक चित्रांकडे परत जाऊ. ती काढताना मोनेला ती लाल दिसत होती का? स्टॅनफर्डचे नेत्रतज्ज्ञ मायकेल मार्मर यांनी २००६ मध्ये हा प्रश्न फोटोशॉपने सोडवायचा प्रयत्न केला. मोतीबिंदूच्या तीव्रतेनुसार बागेच्या फोटोंवर पिवळेपणा आणि धूसरपणा चढवला, आणि मोनेच्या चित्रांवरही तेच केलं. लाल आणि हिरवी-निळी चित्रं त्या फिल्टरखाली जवळपास सारखी, मळकट पिवळी दिसतात. म्हणजे त्याला फरकच कळत नसणार. मग ट्यूबवर लिहिलेल्या नावावरून रंग घ्यायचा, आणि परिणाम आठवणीतून कल्पायचा. आउटपुट न बघता कोड लिहिण्यासारखं आहे हे, आणि तेही प्रॉडक्शनवर.

शस्त्रक्रियेनंतर जुनी चित्रं स्वच्छ डोळ्याने पाहिल्यावर त्याने त्यातली काही नष्ट केली, काहींवर पुन्हा रंग चढवला. कुतेलांना रागाने पत्रं लिहिली. क्लेमांसोशीही खटके उडाले, कारण कराराची मुदत जवळ आली आणि मोने चित्रं द्यायला तयार होईना.

१९२४ मध्ये जाक मावास नावाचे दुसरे नेत्रतज्ज्ञ मदतीला आले. त्यांनी झाइस कंपनीच्या भिंगांचा रंगीत काचेचा चष्मा करून दिला, निळेपणा कापणारा. एक-दोन प्रयत्न फुकट गेले, नंबर बदलले, पण हळूहळू जमलं. १९२५ च्या उन्हाळ्यात हा माणूस पहाटे उठून परत दिवसभर काम करत होता. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला मात्र त्याने शेवटपर्यंत नाहीच म्हटलं.

आपल्या खिशातलं

मोनेच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी, १९४९ मध्ये, लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी काढलेल्या भिंगाच्या जागी प्लास्टिकचं भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत गेलेले कॉकपिटचे प्लास्टिकचे तुकडे डोळा सहन करतो, हे त्यांना दिसलं होतं. आज आजी त्याच दिवशी घरी येते. सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होतं. काही कृत्रिम भिंगांना मुद्दाम हलका पिवळा रंग देतात. मोनेला हवा होता तोच.

पण ज्यांची नजर ऑपरेशनने किंवा चष्म्याने परत येत नाही, त्यांच्यासाठी फोन हे आज मोठं साधन आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग अॅक्सेसिबिलिटी. तिथे मॅग्निफिकेशन आहे, रंग उलटे करण्याची सोय आहे, कलर करेक्शन आहे, अक्षरं ठळक करता येतात, आणि टॉकबॅक स्क्रीन मराठीतून वाचून दाखवतो. आयफोनवर झूम, मॅग्निफायर आणि व्हॉइसओव्हर. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ अॅप आहे, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं. छापील पुस्तक वाचता येत नसेल तर सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी आहे. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढायचं तर अर्ज ऑनलाइन होतो. योजनांचे फायदे साधारणपणे ४० टक्के आणि वरच्या दिव्यांगत्वाला मिळतात, ते प्रमाण डॉक्टर ठरवतात.

आणि आता माझी कबुली. मी अॅप बनवणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक फॉर्म बनवला होता, मी स्वतः त्याची स्क्रीन लिहिली. अँड्रॉइडमध्ये अक्षरांचं माप एसपीमध्ये दिलं की युजरने फॉन्ट मोठा केल्यावर ते वाढतं. डीपीमध्ये दिलेलं माप (व्हॉट्सअॅपचा डीपी नव्हे) त्याने वाढत नाही. मी अक्षरं एसपीमध्ये दिली आणि खालच्या पट्टीची उंची डीपीमध्ये पक्की करून टाकली. माझ्या फोनवर झकास. आजीच्या फोनवर, फॉन्ट सर्वात मोठा, ‘पुढे जा’ बटणावरचं अक्षरच कापलं गेलेलं. तिला वाटलं फॉर्म संपला. तिने मला सांगितलंही नाही, आपल्यालाच जमत नाही म्हणून फोन ठेवून दिला. मला ते तीन महिन्यांनी कळलं. दुरुस्ती एका ओळीची होती. आता नवीन स्क्रीन झाली की मी फॉन्ट २०० टक्के करून आणि नाइट लाइट पूर्ण वाढवून एकदा बघतो. सुरुवातीचा प्रयोग तिथूनच आलाय. तो बंद करायचा राहिला असेल तर आता करा.

ओरांजरी

मोने ५ डिसेंबर १९२६ ला झिव्हर्नीत वारला, ८६ व्या वर्षी. फुप्फुसाचा कर्करोग होता. शेवटपर्यंत तो पॅनेलवर हात फिरवत होता आणि जिवंत असेपर्यंत त्याने ती सोडली नाहीत. क्लेमांसो अंत्यविधीला होता. १७ मे १९२७ ला ओरांजरीतल्या दोन लंबगोल खोल्या लोकांसाठी उघडल्या. एकूण २२ पॅनेल, जवळपास दोन मीटर उंच, सगळी मिळून ९१ मीटर लांब. त्याची अट होती, की चित्रांवर छतातून येणारा खरा उजेड पडला पाहिजे.

१९६० च्या दशकात दुसऱ्या एका संग्रहासाठी जागा हवी म्हणून त्या खोल्यांच्या वर आणखी एक मजला चढवला आणि छतातून येणारा उजेड अडला. कमळं कित्येक वर्षं विजेच्या दिव्याखाली राहिली. मग इमारत काही वर्षं बंद ठेवून तो मजला काढला. २००६ मध्ये खोल्या परत उघडल्या, तेव्हा पाण्यावरचा निळा पुन्हा दुपारनुसार बदलू लागला.